ती ओळ हलवू नकोस!

"चाललं ना? मग आता हात लावू नकोस!"

मित्रमैत्रिणींनो, हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता सगळ्यात जास्त ऐकू येणाऱ्या वाक्यांची स्पर्धा घेतली तर पहिला नंबर "मॅगी आहे का गं?" ला जाईल हे मान्य. पण दुसरा नंबर वरच्या वाक्याचा, यात वाद नाही. आणि हे वाक्य ज्या प्रसंगी म्हटलं जातं ते बरेचसे प्रसंग एकाच छापाचे असतात. प्रोग्रॅम चालत नसतो. एरर डोक्यावरून जात असते. मग कोणीतरी म्हणतं, "अगं, ती वरची इम्पोर्टची ओळ जरा खाली घेऊन बघ." घेतली. नाही चाललं. "मग दुसरी वर घे." घेतली. चाललं! टाळ्या! आणि मग ते अजरामर वाक्य.

माझं स्पष्ट मत आहे की ह्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. पत्ते पिसत राहिलं की कधीतरी चांगला हात येतोच, त्याला आपण खेळता येणं म्हणत नाही. ओळींची अदलाबदल करून प्रोग्रॅम चालला, याचा अर्थ एवढाच की दोष कुठे आहे त्याची दिशा कळली. नेमकं तिथेच आपण थांबतो आणि झोपायला जातो.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींनी लगेच पान उलटू नये. आता तुम्हालाही पायथॉन आहेच. आणि ज्यांना नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दुसऱ्यानं लिहून ठेवलेला कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायला घेणं म्हणजे इम्पोर्ट. (ह्याला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या विंगमध्ये अर्धा तास वाद झाला. 'आयात' म्हटलं की मला न्हावाशेवा बंदर आठवतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा परिणाम असेल, पण मी 'इम्पोर्ट'च लिहिणार आहे. संपादकांनी सांभाळून घ्यावं.) ह्या ओळी प्रोग्रॅमच्या अगदी वर असतात, म्हणून आपल्याला वाटतं की त्या पत्रिकेवरच्या 'श्री गजानन प्रसन्न'सारख्या आहेत. लिहायच्या म्हणून लिहायच्या. पण पायथॉनमध्ये ती ओळ म्हणजे खरोखर केलं जाणारं काम असतं. वरून खाली, एकेक ओळ, क्रमाने. आणि तिथेच सगळी गंमत आहे.

समजा मेसबाहेरच्या फळ्यावर एकानं 'नाश्ता : पोहे' असं लिहिलं. पाच मिनिटांनी दुसरा आला आणि त्यानं 'पोहे' पुसून 'उपमा' लिहिलं. नंतर फळा वाचणाऱ्याला उपमाच दिसणार. आधी काय होतं, कोणी पुसलं, काही पत्ता नाही. फळा तक्रार करत नाही. 'फ्रॉम अमुक इम्पोर्ट स्टार' ह्या ओळीचं हे असंच आहे. स्टार म्हणजे 'तुझ्याकडे असेल नसेल ते सगळं आण'. ते सगळं आणताना एखादं नाव आधीपासून असेल तर ते गुपचूप पुसलं जातं.

सगळ्यात साधा नमुना म्हणजे वर्गमूळ. पायथॉनच्या 'मॅथ'मध्ये 'स्क्वेअर रूट' आहे आणि 'सीमॅथ' ह्या कॉम्प्लेक्स संख्यांच्या लायब्ररीतही त्याच नावाचं आहे. दोन्ही स्टार लावून आणा. 'मॅथ' शेवटी असेल तर उणे १ चं वर्गमूळ मागितल्यावर एरर येते. 'सीमॅथ' शेवटी असेल तर शहाण्यासारखं उत्तर येतं, इमॅजिनरी १. म्हणजे उणे १ ला वर्गमूळ आहे की नाही हे गणितात ठरत नाही, तर कुठली ओळ खाली आहे त्यावर ठरतं!

पण इथे निदान एरर येते. एरर येणारा दोष हा सज्जन दोष. मला भीती वाटते ती न बोलणाऱ्या दोषाची. त्याचं उदाहरण आमच्याच मजल्यावर घडलं.

शेजारच्या रूममधल्या दोघी मिनी प्रोजेक्टसाठी लुडो करत होत्या. फासा टाकायला त्यांनी पायथॉनच्या 'रँडम' लायब्ररीतलं 'रँडइंट' वापरलं. १ आणि ६ हे दोन आकडे दिले की ते १ ते ६ मधला कुठलाही आकडा देतं, ६ धरून. खेळ छान चालला. मग मॅडम म्हणाल्या, फाशाच्या आकड्यांचा आलेखही दाखवा. म्हणून त्यांनी खाली 'फ्रॉम पायलॅब इम्पोर्ट स्टार' अशी एक ओळ वाढवली. आलेख सुंदर आला. फक्त एकही सोंगटी घरातून बाहेर पडेना! आता लुडो खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, सोंगटी बाहेर काढायला ६ लागतो. आणि आलेखात खांब पाचच. सहाव्याची जागा रिकामी.

कारण काय? पायलॅब येताना स्वतःबरोबर 'नमपाय'च्या रँडममधलं सगळं सामान घेऊन येतो, आणि त्या सामानातही 'रँडइंट' नावाचं एक फंक्शन आहे. नाव तेच, घेतो तेही दोनच आकडे, पण नमपायच्या रँडइंटमध्ये वरचा आकडा धरत नाहीत. १ आणि ६ दिले तर १ ते ५. ना एरर, ना वॉर्निंग. पोहे पुसले, उपमा लिहिला.

त्या दोघींना हे शोधायला रात्र लागली असती. पण कोणीतरी ते जगप्रसिद्ध औषध सांगितलं, "ओळी उलट्या लाव." लावल्या. रँडम खाली आला, ६ परत आला, सोंगट्या धावू लागल्या. "आता हात लावू नकोस!"

आता बघा हं, ह्या औषधानं काय केलं ते. पायथॉनच्या रँडममध्ये 'सीड' नावाचंही एक फंक्शन असतं, आणि नमपायच्या रँडममध्येही असतं. सीड म्हणजे काय, तर एक आकडा देऊन ठेवायचा म्हणजे दर वेळी तेच 'रँडम' आकडे त्याच क्रमाने येतात. परीक्षकांसमोर पुन्हा चालवून दाखवायला हे लागतंच. ओळी उलट्या केल्या की फळ्यावर सीड पायथॉनचं येतं. पण पायलॅबबरोबर आलेलं 'नॉर्मल' हे फंक्शन मात्र नमपायचंच राहतं, कारण पायथॉनच्या रँडममध्ये त्या नावाचं काहीच नाही. म्हणजे सीड एकाला दिलं आणि आकडे दुसऱ्याकडून घेतले. लुडोमध्ये नॉर्मलचा संबंध नव्हता म्हणून त्या वाचल्या. पण ह्याच दोन ओळी एखाद्या बसस्टॉपच्या गर्दीच्या सिम्युलेशनमध्ये टाका. रँडइंटने दर मिनिटाला किती प्रवासी आले ते ठरतंय, नॉर्मलने बसला किती उशीर झाला ते. एका क्रमाने लावलं तर मिनिटाला सरासरी ३.५ प्रवाशांच्या जागी ३ येतात. दुसऱ्या क्रमाने लावलं तर प्रवासी बरोबर, पण उशिराचे आकडे दर रनला वेगळे. दोन्ही क्रम चूक! आणि इथे कुठलीही सोंगटी अडकून ओरडत नाही. आलेख येतो, रिपोर्टमध्ये चिकटतो, त्यावर निष्कर्ष लिहिले जातात, हार्ड बाउंड होऊन लायब्ररीत जातात.

खरं औषध एका मिनिटाचं होतं. स्टार काढा. 'इम्पोर्ट रँडम' असं सरळ लिहा आणि वापरताना 'रँडम डॉट रँडइंट' असं पूर्ण नावाने हाक मारा. नमपायला 'एनपी' म्हणा आणि त्याचं जे असेल ते 'एनपी' लावून घ्या. मग ओळी कशाही लावा, वरची खाली, खालची वर, काही फरक पडत नाही. वर्गात दोन स्नेहा असतील तर सर आडनावाने हजेरी घेतात ना, तेवढीच गोष्ट.

आणि शोधायचं कसं? कंस न लावता नुसतं 'रँडइंट' प्रिंट करा. ते स्वतः सांगतं की मी पायथॉनच्या रँडमचा आहे की नमपायचा. म्हणजे आरोपी नाव-गाव सांगायला तयार उभा असतो, आपणच विचारत नाही.

एक गोष्ट मला फार आवडली ती सांगते. पायलॅब हा मॅटप्लॉटलिबचा भाग आहे, आणि त्याचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. त्यात नमपायच्या रँडममधून स्टार लावून सगळं आणल्यावर, पुढे 'बाइट्स' हे पायथॉनचं अंगभूत नाव परत जागेवर ठेवणारी एक ओळ आहे. कारण नमपायच्या रँडममध्येही 'बाइट्स' आहे आणि ते मूळ नाव पुसून टाकतं. अलीकडच्या आवृत्त्यांत मॅक्स, मिन, राउंड वगैरेही असेच परत ठेवले आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या ओळीच्या वर ती का लागते हे लिहिलेलं आहे! तरीसुद्धा ते लोक स्वतःच सांगतात की पायलॅब वापरू नका. बिचारा रँडइंट मात्र पायथॉनचा अंगभूत नाही, तो रँडम लायब्ररीतून येतो, त्यामुळे त्याला कोणी परत ठेवत नाही.

आता वादाचा मुद्दा. आपल्यापैकी बरेच जण एडिटरमध्ये सेव्ह केलं की इम्पोर्ट आपोआप नीट लावणारं टूल वापरतात. पायथॉनमध्ये २००१ सालापासून पेप ८ नावाची लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यात सांगितलंय की आधी पायथॉनच्या स्वतःच्या लायब्ररी, मग बाहेरच्या, मग आपल्या फाइल्स. 'आयसॉर्ट'सारखी टूल्स साधारण तेच करतात आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम लावतात. आता लुडोच्या त्या दोन ओळींना हे टूल लावा. रँडम पायथॉनचा, म्हणून वर. पायलॅब बाहेरचा, म्हणून खाली. म्हणजे ६ पुन्हा गायब! आणि मग मुलं काय म्हणतात? "टूलनं वाट लावली." टूल बंद करून टाकतात.

मी टूलच्या बाजूची आहे. वाट आधीच लागलेली होती, टूलनं ती दाखवली. शाळेत असेंब्लीला आम्हाला उंचीप्रमाणे उभं करायचे. एखादी मुलगी मैत्रिणीच्या खांद्याला टेकून झोपत असेल तर रांग बदलल्यावर ती पडायची. दोष रांगेचा नव्हता. खरं तर मी म्हणेन की प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी प्रत्येकाने एकदा मुद्दाम इम्पोर्ट उलटसुलट लावून चालवून बघावं. उत्तर बदललं, तर रिपोर्ट छापण्याआधी कळलं हे नशीब समजा.

इथे कोणीतरी म्हणेल की काही वेळा क्रम लागतोच. बरोबर आहे, लागतो. फोडणी करताना तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, आणि हळद शेवटी. आमच्या आईला विचारा हळद आधी का नाही, ती एका वाक्यात सांगेल, करपते म्हणून. हा कारण असलेला क्रम. आणि मांजर आडवं गेलं म्हणून पाच पावलं मागे जाणं हाही क्रमच आहे, पण त्याचं कारण कोणी सांगू शकत नाही. आपल्या प्रोग्रॅममधला क्रम ह्यातला कुठला, एवढंच मला विचारायचं आहे.

फोडणीवाल्या क्रमाचं चांगलं उदाहरण वेबसाइट करणाऱ्यांना माहीत असेल. जावास्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड वगैरे वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि 'डॉटएन्व्ह' ती फाइल वाचतो. तो आधी वाचून झाला पाहिजे, मग डेटाबेसची फाइल आली पाहिजे. कारण सरळ आहे. पण मुलं काय करतात, डॉटएन्व्ह आणतात, लगेच खाली 'कॉन्फिग' कॉल करतात, आणि त्याच्या खाली डेटाबेसची फाइल इम्पोर्ट करतात. दिसायला क्रम अगदी बरोबर. तरी पासवर्ड 'अनडिफाइन्ड'! कारण जावास्क्रिप्टच्या नव्या मॉड्यूल पद्धतीत सगळे इम्पोर्ट आधी पूर्ण होतात, तुम्ही मध्ये लिहिलेली ओळ त्यांच्यानंतर चालते. म्हणजे डोळ्यांना दिसणारा क्रम हा खरा क्रमच नाही. अशा वेळी ओळी वरखाली करत बसलात तर पहाट होईल पण पासवर्ड येणार नाही. डॉटएन्व्हचं 'कॉन्फिग' हेच सगळ्यात पहिलं इम्पोर्ट म्हणून लिहायचं, हा एक उपाय. त्याहून चांगला म्हणजे ही जबाबदारी प्रोग्रॅमच्या बाहेरच काढायची. नोडमध्ये २०२३ साली २०.६ ह्या आवृत्तीपासून सुरू करतानाच ती फाइल द्यायची सोय आलेली आहे. मग आत क्रम कसाही असो.

सी प्लस प्लसवाल्यांकडेही हे दुखणं आहेच, आणि जुनं आहे. विंडोजवर नेटवर्कचा प्रोग्रॅम लिहिताना 'विंडोज डॉट एच' आधी आणि 'विनसॉक२ डॉट एच' नंतर घेतलं तर एररचा पाऊस पडतो, कारण पहिली हेडर स्वतःबरोबर जुना विनसॉक घेऊन येते. हे निदान मायक्रोसॉफ्टनं लिहून ठेवलंय. पण आपल्याच हेडर फाइल्सचं काय? आपली हेडर 'व्हेक्टर' वापरते पण स्वतः इन्क्लूड करत नाही, तिच्या आधी दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं म्हणून भागतं. उधारीवर जगणारा रूममेट प्रत्येकाला माहीत आहे, तसलाच प्रकार. जॉन लॅकोस यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात ह्यावर साधी युक्ती सांगितली आहे. प्रत्येक सोर्स फाइलमध्ये तिची स्वतःची हेडर सगळ्यात पहिली घ्यायची. म्हणजे ती उधारीवर असेल तर पहिल्याच ओळीला उघडी पडते. गूगलचे नियम आणि एलएलव्हीएमचे नियम वाचले तर बाकीच्या हेडरचा क्रम दोघांनी जवळजवळ उलटा सांगितलाय. पण स्वतःची हेडर पहिली, ह्यावर दोघांचं एकमत आहे. भांडणाऱ्या दोघांचं एकमत होतं ती गोष्ट आपण ऐकावी, असं मला वाटतं.

आता जे खरोखर मनाला लागलं ते. कॉलेजचं नाव घेत नाही, बॅच सांगत नाही. एका ग्रुपनं बी.ई.ला मेसमध्ये वाया जाणारं अन्न मोजायचा प्रोजेक्ट केला होता. खरकट्याच्या पिंपावर कॅमेरा, खाली जेटसन नॅनो बोर्ड, आणि ताटात किती पोळी, किती भात उरला ते ओळखणारं मॉडेल. शोभेचा प्रोजेक्ट नव्हता तो. मेस कमिटी त्या आकड्यांवरून रविवारच्या पोळ्या कमी करायचा विचार करत होती. ग्रुप पास झाला, प्रोजेक्ट ज्युनियर्सकडे आला. फाइलमध्ये वरच एक कॉमेंट होती. मोठ्या अक्षरांत, 'ह्या ओळी हलवू नका'. का, ते नाही.

ज्युनियर्सनी एक नवी लायब्ररी वाढवली आणि बोर्डनं 'स्टॅटिक टीएलएसमध्ये जागा मिळत नाही' अशा अर्थाची एरर दिली. ओळी हलवून पाहिल्या. एक चालली की दुसरी अडायची. तीन आठवडे! शेवटी पास झालेल्या ताईला फोन केला. ती बिचारी नोकरीत, म्हणाली, "अगं आठवत नाही, वर घेतली आणि चाललं, म्हणून ठेवली." ज्युनियर्सनी विषय बदलला. पिंपावरचा कॅमेरा उतरला. मेस कमिटीकडे आता पुन्हा अंदाजच आहेत.

त्या एररचा अर्थ असा होता. प्रोग्रॅम सुरू होताना प्रत्येक थ्रेडच्या खाजगी डेटासाठी थोडी जागा राखून ठेवली जाते. काही लायब्ररींना त्याच राखीव जागेत बसायचं असतं, आणि नंतर येणाऱ्यांसाठी त्यात मोजक्याच सीट उरलेल्या असतात. एस.टी.सारखं. आधी चढेल त्याला सीट. आपण एखादं इम्पोर्ट वर घेतो तेव्हा त्या लायब्ररीला आधी चढवतो, बस. सीट वाढलेल्या नसतात. म्हणून आणखी एक प्रवासी आला की पुन्हा कोणीतरी खाली. हे कळलं असतं तर अडणारी लायब्ररी कोणती ते एररमध्येच असतं, बहुतेक वेळा ती 'लिबगॉम्प' असते. ती प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीच 'एलडी प्रीलोड' लावून चढवून घेता येते. हेही शेवटी क्रमच ठरवणं आहे, मान्य. पण ते सुरू करण्याच्या स्क्रिप्टमध्ये एका जागी लिहिलेलं, कारणासकट. फाइलच्या माथ्यावरच्या धमकीपेक्षा बरं. मूळ ग्रुपनं कॉमेंटमध्ये 'जागा कमी पडते, लिबगॉम्प आधी हवं' एवढे सहा शब्द लिहिले असते तरी तीन आठवडे वाचले असते.

मी त्या ताईला दोष देत नाहीये. सबमिशनच्या आदल्या रात्री मीही ओळ वरच घेईन. कोणीही घेईल. पण ओळ वर घेतल्यावर लगेच झोपायचं नाही, एक कॉमेंट लिहायची. काय एरर आली, कुठली आवृत्ती होती, कशाने गेली. कारण कळलं नसेल तर 'कारण कळलेलं नाही' असं लिहायचं. त्यात लाज कसली?

ह्याउलट एक नमुना बघा. मशिन लर्निंग करणाऱ्यांना 'लिबआयओएमपी ५ आधीच सुरू झालेलं सापडलं' अशी एक लांबलचक एरर कधी ना कधी भेटते. दोन लायब्ररी आपापली ओपनएमपीची प्रत घेऊन येतात आणि भांडतात. तिथेही क्रम बदलला की कधी कधी गप्प बसते. आणि नाहीच बसली तर त्या एररमध्येच एक व्हेरिएबल सांगितलेलं असतं, ते 'ट्रू' केलं की काम झालं. मुलं तेवढी ओळ उचलतात. पण त्याच मेसेजमध्ये पुढे हेही लिहिलेलं असतं की हा उपाय असुरक्षित आहे, प्रोग्रॅम कोसळू शकतो किंवा न सांगता चुकीची उत्तरं देऊ शकतो. न सांगता! एवढं प्रामाणिक लिहिलेलं असूनही ते व्हेरिएबल आपल्या डिपार्टमेंटच्या निम्म्या नोटबुकांत सापडेल, पैज लावते. एआयला एरर चिकटवून विचारलं तर तोही बऱ्याचदा तीच ओळ आधी हातात देतो. मग त्याच्याकडूनही कारण मागून घ्या की. फुकट तर आहे.

आता थोडं सर आणि मॅडम लोकांना. रागावू नका. फर्स्ट इयरला आम्हाला पहिल्या प्रॅक्टिकलला सांगितलं जातं, "ह्या वरच्या ओळी आहेत तशा लिहा, त्यांचं नंतर बघू." ते 'नंतर' चार वर्षांत येत नाही. जर्नलमध्ये प्रत्येक प्रॅक्टिकलला त्याच पाच इम्पोर्ट ओळी, लागोत न लागोत, स्टारसकट. लॅब मॅन्युअलमधूनच स्टार गेला तर आमच्या जर्नलमधून आपोआप जाईल. पायथॉनच्या स्वतःच्या कागदपत्रांतही 'ओएस'मधून स्टार लावून आणू नका, नाहीतर अंगभूत 'ओपन' झाकलं जाईल, असं स्पष्ट लिहिलंय. अर्थात त्याच कागदपत्रांत टीकिंटरनंतर 'टीटीके' स्टार लावून आणा म्हणजे जुनी बटणं जाऊन नवी येतील असंही आहे. पण तिथे क्रम का, ते त्याच वाक्यात सांगितलंय. फोडणी झाली ती, मांजर नव्हे.

आणि व्हायव्हाला एक प्रश्न वाढवा. पहिल्या दोन इम्पोर्ट ओळींवर बोट ठेवून विचारा, "ह्यांची अदलाबदल केली तर काय होईल?" 'काही नाही' हे उत्तर चालेल, 'अमुक होईल, अमुक कारणाने' हेही चालेल. 'करून बघितलं नाही' असं कोणी म्हटलं तर लॅपटॉप समोरच आहे, तिथेच करायला लावा. दोन मिनिटं लागतात. आमच्यातले काही जण मला यासाठी शिव्या घालतील, घालोत. तसंही माझ्या व्हायव्हाला तुम्ही ओएसआयच्या सात लेयरचा क्रमच विचारणार आहात.

शेवटी ज्या टी.ई.च्या ग्रुप्सना यंदा बी.ई.कडून प्रोजेक्ट मिळणार आहेत त्यांच्यासाठी. कोड हातात आला की पहिल्याच दिवशी इम्पोर्ट उलटे लावून चालवून बघा आणि जे मोडेल त्याची यादी घेऊन सीनियर्सच्या रूमवर जा. सबमिशन ते शेवटचा पेपर एवढाच काळ ते सापडतात. नंतर फोन उचलतात, पण त्यांना काही आठवत नाही.